नाटक त्यांचंही आहे, मग प्रयोग वेगळा कशाला?

पत्राचा सारांश: एका जिल्ह्याच्या गावातल्या हौशी नाट्यसंस्थेच्या कार्यवाह लिहितात. वय ४७, नोकरी सहकारी बँकेत, संस्थेत वीस वर्षं. यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवायचं चाललंय. वाचनाला एम.ए. करणारी एक मुलगी आली होती. तिला अजिबात दिसत नाही. मधल्या बहिणीच्या भूमिकेसाठी तिचं वाचन सगळ्यांत सरस झालं, हे दिग्दर्शकांनीही मान्य केलं. तरी निर्णय अडलाय. दिग्दर्शक म्हणतात, "सेटवर दोन लेव्हल (उंच चौथरे) आहेत, पायऱ्या आहेत. पडली-बिडली तर जबाबदारी कोणाची? शिवाय परीक्षकांना वाटेल, सहानुभूतीच्या गुणांसाठी घेतली." बाकीच्या कलाकारांना दोन दिवसांत कळवलं, तिला मात्र आठ दिवस झाले तरी फोन नाही. दुसरीकडे, ३ डिसेंबरला दिव्यांग दिनी गावातल्या दिव्यांगांसाठी आणि दोन विशेष शाळांतल्या मुलांसाठी एक खास मोफत प्रयोग करायचा, सोबत अल्पोपाहार आणि सत्कार, असं संस्थेने ठरवलंय. नगरपरिषदेच्या नाट्यगृहाला रॅम्प नाही, हा विषय पत्रलेखिकेने बैठकीत काढला, तेव्हा उत्तर आलं, "वर्षाकाठी दोन माणसं येतात व्हीलचेअरवर, त्यांच्यासाठी कोण एवढा खर्च करणार?" त्या विचारतात, "खास प्रयोगावर सगळे खूश आहेत, मलाच काहीतरी खटकतंय. मी भावनेच्या आहारी जातेय का? काय करू?"

ताई,

खटकतंय ते अगदी योग्य ठिकाणी खटकतंय. भावनेच्या आहारी कोणी गेलं असेल, तर ती तुमची कार्यकारिणी. कोणी न तपासता घाबरलंय, कोणी सत्काराच्या कल्पनेने भारावलंय. तुम्ही फक्त प्रश्न विचारलात.

"दोन माणसं येतात" या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

आमचे अण्णा शाळामास्तर. नाटकाचं वेड इतकं, की पगार हातात आला की किराण्याच्या आधी तिकिटं. सत्तरीत अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, व्हीलचेअर आली. वर्षभराने मी हट्टाने त्यांना एका नाटकाला घेऊन गेले. नाट्यगृहाला अकरा पायऱ्या, रॅम्प नाही. दारावरच्या मंडळींनी चांगुलपणानेच त्यांना खुर्चीसकट उचललं, चार बाजूंनी चौघं. आवारातली गर्दी बाजूला झाली, वाट मोकळी झाली. आत खुर्ची ठेवायला जागाच नव्हती, म्हणून भिंतीकडच्या टोकाला ठेवली. तिथून अर्धाच रंगमंच दिसायचा. मध्यंतरात मी चहा आणला, तर नको म्हणाले. स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाणार नाही या धास्तीने त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं. घरी येताना रिक्षात एवढंच बोलले, "चौघांनी उचलून न्यायची वेळ माझी अजून यायची आहे. तोवर नाटक पुरे." त्यानंतर सात वर्षं होते. एकदाही गेले नाहीत.

त्या नाट्यगृहाच्या हिशेबात अण्णा कुठे धरायचे? येणाऱ्या दोघांत ते नाहीत. ते न येणाऱ्यांत आहेत, आणि न येणाऱ्यांची नोंद बुकिंगच्या खिडकीवर होत नसते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला, तेव्हा आधीच्या सात प्रकारांच्या जागी २१ प्रकार धरले गेले, म्हणजे प्रत्यक्ष संख्या त्याहून मोठी. त्यात गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या टाळणारे, ऐकू कमी येतं म्हणून "हल्ली नाटकात मन लागत नाही" असं सांगणारे तुमचेच जुने सभासद मिळवा. तुमच्या संस्थेची वीस वर्षांपूर्वीची सभासद-वही काढा आणि त्यातले किती जण आता प्रयोगाला येत नाहीत ते बघा. चारपाच जणांना फोन करून कारण विचारा. पुढच्या बैठकीत त्या "दोन माणसां"च्या शेजारी ही यादी ठेवा.

आता खास प्रयोग. त्यामागचा हेतू वाईट नाही, हे मी मनापासून म्हणते. पण त्या दिवशी सभागृहात काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. अंधशाळेतली मुलं दोन तास संवाद ऐकतील. मधे पाच मिनिटं रंगमंचावर कोणी काही बोलणार नाही, पत्र फाडलं जाईल, प्रेक्षकांत कोणीतरी हुंदका देईल, आणि काय झालं ते मुलांना कळणार नाही. कर्णबधिर मुलं दोन तास हलणारे ओठ बघतील. (शाळांच्या पाट्यांवर अजून 'मूकबधिर' लिहिलेलं असतं. ज्यांना खुणांची अख्खी भाषा येते त्यांना मूक म्हणू नये, असं त्यांच्यातल्या अनेकांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.) या मुलांना खुर्ची मिळेल, खाऊ मिळेल, फोटो निघेल. नाटक मिळणार नाही. आणि सत्कार नेमका कशाबद्दल? प्रेक्षक म्हणून आल्याबद्दल आपण कोणाचाच सत्कार करत नाही.

मोफतचंही तसंच. तिकीट काढलेल्या माणसाला "आवाज नीट येत नाही" म्हणून तक्रार करता येते. फुकट बोलावलेला माणूस आभार मानून घरी जातो, आणि तुम्हाला आपलं काय चुकलं ते कधीच कळत नाही. शिवाय दृष्टी नसलेल्या माणसालाही शनिवारी संध्याकाळी आपल्या बायकोबरोबर, मित्रांबरोबर नाटकाला जायचं असतं. त्याला ३ डिसेंबरची सकाळ नको असते.

वेगळा प्रयोग कधीच करू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. स्वमग्न मुलं, बौद्धिक अक्षमता असलेली माणसं, त्यांचे आईवडील यांना पूर्ण काळोख, अचानक कडाडणारा आवाज, "शांत बसा" म्हणणारे शेजारी हे सगळं झेपत नाही. त्यांच्यासाठी सभागृहातले दिवे मंद सुरू ठेवलेला, आवाज थोडा कमी केलेला, मधेच उठून बाहेर जायची आणि परत यायची मोकळीक असलेला प्रयोग करणं योग्यच आहे. तिथे वेगळेपण त्यांच्या गरजेतून येतं. तुमच्या बैठकीतलं वेगळेपण यजमानांच्या सोयीतून आलंय.

म्हणून माझा सल्ला: ३ डिसेंबरचा कार्यक्रम मोडू नका, बदला. नेहमीचाच एक प्रयोग धरा, तिकीट लावा, तो सगळ्यांना खुला ठेवा, आणि त्यात सोयी करा. सोबत्याला सवलत द्या, शाळांना गटदर द्या, पण दार एकच ठेवा.

सोयी म्हणजे काय? सगळ्यात आधी एक अगदी साधी गोष्ट. तुमची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर जाते ती चित्र म्हणून. दृष्टिहीन माणसाच्या फोनमधला आवाज त्याला फक्त "फोटो" एवढंच सांगतो. नाटकाचं नाव, वेळ, ठिकाण हे सगळं चित्राखाली अक्षरांत टंकून टाका. याला एक रुपयाही लागत नाही. त्याच मजकुरात सोयींबद्दल खरं-खरं लिहा: "मुख्य दाराला सहा पायऱ्या आहेत, मागच्या दाराने पायऱ्यांविना येता येतं, व्हीलचेअरचं स्वच्छतागृह नाही, मराठी उपशीर्षकं असतील, चौकशीसाठी हा नंबर." नसलेली सोयही लिहा. अण्णांना कोणी हे आधी सांगितलं असतं, तर आम्ही ठरवून गेलो असतो किंवा ठरवून गेलो नसतो. तो चौघांचा प्रसंग तरी टळला असता.

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी नाटकाचं वर्णन करणारा आवाज ठेवतात. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एरिना स्टेजवर १९८१च्या सुमारास हे रीतसर सुरू झालं. पण आपल्याला ते परकं वाटायचं कारण नाही. नभोनाट्यं ऐकत आपल्या दोन पिढ्या वाढल्या, आणि कीर्तनात बुवा एका जागी उभे राहून अख्खी लंका पेटवून दाखवतात ते शब्दांनीच. तुमच्याकडे चांगला आवाज असलेला आणि नाटक पाठ असलेला एक माणूस नक्की आहे: विंगेतून संवाद सुचवणारा प्रॉम्प्टर. त्याला ध्वनियंत्रणेच्या खोलीत बसवा. पर्यटकांना माहिती सांगणारे वाटाडे वापरतात तसे छोटे वायरलेस संच भाड्याने मिळाले तर उत्तम. नाहीतर मोबाइलवर ग्रुप कॉल आणि प्रेक्षकाच्या एका कानात इअरफोन. मात्र सभागृहात रेंज मिळते का आणि आवाज मागे पडतो का, ते आधी तपासा. पथ्यं दोनच. संवादावर बोलायचं नाही, मधल्या जागांत बोलायचं. आणि दिसतं ते सांगायचं, अर्थ सांगायचा नाही. "तो खचून जातो" असं नाही, तर "तो खुर्चीत बसतो. चष्मा काढतो. बराच वेळ पुसत राहतो." खचलाय हे प्रेक्षकाला आपोआप कळू द्या.

हेही जमणार नसेल, तर तिसऱ्या घंटेच्या आधी अर्धा तास या प्रेक्षकांना रंगमंचावर घ्या. नेपथ्य हाताने बघू द्या. कुठे दार, कुठे झोपाळा, कुठे देवघर. नटांनी एकेक करून आपापल्या पात्राच्या आवाजात नाव सांगावं. एवढ्यानेही दोन तासांचं नाटक उलगडतं.

ऐकू न येणाऱ्यांसाठी दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. उतारवयात ऐकू कमी झालेल्या माणसाला खुणांची भाषा येत नसते. त्याला वाचायला हवं असतं. लॅपटॉप, प्रोजेक्टर, रंगमंचाच्या वर किंवा बाजूला छोटा पडदा, आणि संवादांबरोबर एकेक ओळ पुढे सरकवणारा माणूस एवढं पुरतं. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या अनेकांना मात्र भारतीय सांकेतिक भाषा हीच आपली वाटते. तिचं व्याकरण वेगळं आहे, हातवाऱ्यांत बोललेली मराठी म्हणजे ती भाषा नव्हे. त्यासाठी प्रशिक्षित दुभाषे लागतात. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत असं प्रशिक्षण दिलं जातं. तुमच्या विशेष शाळेतल्या शिक्षकांकडूनही जवळपासच्या दुभाष्यांची माहिती मिळेल. दुभाष्याला संहिता दोनतीन आठवडे आधी द्या. दोन अंकांसाठी दोघं घ्या, एकट्याचे हात आणि डोकं दोन्ही थकतं. त्यांच्यावर प्रकाश पडेल अशी जागा प्रकाशयोजनेतच धरा आणि त्या बाजूच्या पुढच्या रांगा राखून ठेवा. दुभाषे विंगेच्या अंधारात उभे केलेले मी पाहिलेत. तो सगळा खटाटोप फुकट गेला होता.

हे सगळं एकाच वर्षी करू नका. दमाल, आणि मग "बघा, जमत नाही" म्हणायला मंडळी तयारच आहेत. यंदा दोन गोष्टी निवडा आणि त्या नीट करा. कोणत्या, ते संस्थेने बंद खोलीत ठरवू नका. गावातले दोघंतिघं प्रौढ दिव्यांग रसिक बैठकीला बोलवा आणि त्यांना विचारा. रंगीत तालमीलाही बोलवा.

रॅम्पचा खर्च तुमच्या संस्थेने करायचाच नाही. नाट्यगृह नगरपरिषदेचं आहे. २०१६च्या कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करणं बंधनकारक केलं, आणि जुन्या इमारतींसाठी नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम आले २०१७ साली, म्हणजे मुदत केव्हाच संपली. त्याच कायद्यात सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांचाही स्वतंत्र उल्लेख आहे, तेव्हा "नाटक ही काही गरज नव्हे" हे उत्तर चालत नाही. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा लागतो. मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. गावातल्या दिव्यांग संघटनेची सही तुमच्या सहीच्या वर घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

अर्जात मोजमाप लिहा, नाहीतर घसरगुंडी बांधून मिळेल. उतार एकास बारा हवा. सहा इंची तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, तिला अठरा फूट लांब रॅम्प. आत व्हीलचेअरसाठी साधारण तीन फूट बाय चार फूट मोकळी जागा, सोबत्याच्या खुर्चीला लागून, रंगमंच पूर्ण दिसेल अशी. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: मेकअप रूम आणि रंगमंचावर जायची वाट. व्हीलचेअरवरचा माणूस प्रेक्षकच असणार, नट नाही, असं आपण गृहीत धरलेलं असतं.

म्हणजे आलो त्या मुलीपाशी.

पडण्याची भीती खरी आहे, ती झटकून टाकू नका. पण तो नेपथ्याचा प्रश्न आहे आणि नेपथ्याचे प्रश्न तालमीत सुटतात. आजवर लेव्हलवरून डोळस नटही पडलेत, म्हणून आपण लेव्हल वापरणं सोडलं नाही. तालमीच्या हॉलमध्ये पहिल्या दिवसापासून सेटचा आराखडा जमिनीवर आखा. खडूने नको, सुतळी अंथरून तिच्यावर चिकटपट्टी मारा. अनवाणी पायाला तो उंचवटा लगेच कळतो. लेव्हलच्या कडेच्या फूटभर आधी काथ्याची पट्टी टाका. तळव्याला खरखर लागली की पुढे कड आहे, हे चारपाच तालमींत अंगवळणी पडतं. तीच सुतळी आणि तीच पट्टी प्रयोगाच्या सेटवर तशीच जाऊ द्या, प्रेक्षकांना ती दिसणारही नाही. खुर्ची वीतभरही हलवायची नाही, आणि हलली तर आधी तिला सांगायचं, हा नियम सगळ्यांसाठी. विंगेतून प्रवेशाची खूण दिव्याने देत असाल, तर तिला खांद्यावर हाताने द्या. समोरच्या नटाने जागा बदलताना बोलत बदलावी, म्हणजे तिचा चेहरा आपोआप तिकडे वळतो. ब्लॅकआउटमध्ये तर तुमचे बाकीचे नट रेडियमच्या पट्ट्या शोधत चाचपडतात. तिच्यासाठी तेव्हा काहीच बदललेलं नसतं.

हे मी कल्पनेने सांगत नाही. मराठी ब्रेल पाक्षिक 'स्पर्शज्ञान' २००८ साली ज्यांनी सुरू केलं त्या स्वागत थोरात यांनी १९ दृष्टिहीन कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' हे नाटक रंगमंचावर आणलं. तुमच्या दिग्दर्शकांना एकाच मुलीसाठी रंगमंच बांधायचा आहे.

सहानुभूतीच्या गुणांचा मुद्दा मला जास्त बोचला. परीक्षकांच्या मनात काय येईल या अंदाजावर सगळ्यांत चांगलं वाचन करणारी नटी घरी बसवायची, यात तुमच्या नाटकाचाच तोटा आहे. तुम्ही तिच्या निमित्ताने सहानुभूती मिळवणार नसाल, तर तसं वागून दाखवा. माहितीपत्रकात तिच्या नावापुढे 'अंध कलाकार' लिहू नका. पडदा पडल्यावर माइक घेऊन "आणि विशेष सांगायचं म्हणजे" असं म्हणू नका. मधली बहीण दिसणारी ठेवायची की न दिसणारी, ते दिग्दर्शकांनी तिच्याशी बोलून ठरवावं. दृष्टिहीन नटीने दृष्टिहीन पात्रच करावं असा काही नियम नाही. आणि तिचं वाचन दुसऱ्या क्रमांकाचं ठरलं असतं, तर मी तुम्हाला नाही म्हणूनच कळवा असं सांगितलं असतं, बाकीच्यांना कळवता तसंच, त्याच दिवशी.

दिग्दर्शक तरीही नाही म्हणाले तर? त्यांना एक तालीम मागा. सुतळी अंथरा, एक प्रवेश उभा करा, तिला दोन तास द्या. नकार द्यायचाच असेल, तर तो ते बघून द्यावा आणि कारण त्यांनी स्वतः तिला सांगावं, तुमच्यावर ढकलू नये. माझा अनुभव असा, की दिग्दर्शकाला एकदा तालमीत काही सापडलं की तो स्वतःच भांडायला उभा राहतो.

पण त्याआधी तिला फोन करा. आज, हे वाचून झाल्यावर. बाकीच्यांना दोन दिवसांत कळवलंत, ती आठ दिवस थांबलीये, आणि का थांबलीये ते तिला न सांगता कळलेलं असणार. उशीर झाल्याबद्दल माफी मागा, सबबी सांगू नका. तालमीच्या सेटबद्दल दिग्दर्शकांना शंका आहेत, त्यावर तिचं काय म्हणणं आहे, ते विचारा. तिची काठी, तिची पावलं, तिच्या युक्त्या तुम्हाआम्हापेक्षा तिला जास्त माहीत. रात्री साडेदहाला तालीम सुटल्यावर घरी जायची सोय काय, हे संस्थेतल्या इतर मुलींना विचारता तसं तिलाही विचारा. आणि संहिता तिला कशी हवी ते विचारा, ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रित की फोनवर वाचता येईल अशी. तुमची संहिता हस्तलिखिताची झेरॉक्स असेल किंवा जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर तिच्या फोनला ती वाचता येणार नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला वाचता येतील अशा अक्षरांत, टंकून घ्यावी लागेल. दोन अंकांना एका माणसाच्या तीनचार रात्री जातील, तेव्हा तो माणूस आजच शोधून ठेवा.